सोड म्हणायचं राहिलं

१

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक चाकाखाली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सीटवरचा तीन-चार वेळा पेडल मारतो. चाकाखालचा ओरडतो, "धर." सीटवरचा पाय दाबून ठेवतो आणि म्हणतो, "धरलंय." मग खालचा ड्रममागचं निपल पान्याने अर्धा आटा उघडतो. निपलला नळी, नळीचं टोक बाटलीत. तेल येतं, तेलाबरोबर पायपात अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात आणि पेडल तळाला जातं. खालचा निपल बंद करतो आणि मगच म्हणतो, "सोड." त्याआधी सीटवरच्याने पाय उचलला की बाहेरची हवा परत आत. केलेली मेहनत पाण्यात. बुडबुडे संपेपर्यंत हेच, चारही चाकांना. लांबचं चाक आधी, ड्रायव्हरच्या पायाखालचं शेवटी.

माझं गॅरेज अंबरनाथला एमआयडीसीच्या रस्त्यावर, घर बदलापूरला हेंद्रेपाड्यात. नाव गुरुदत्त, सगळे गुरुभाऊ म्हणतात. तोंडाने मी फटकळ आहे, त्यामुळे पेडलवर माणूस टिकत नाही. एकेक नमुने बघितलेत. कोणी रस्त्यावर कोण चाललंय ते बघायला पाय उचलतो, कोणी "दुखायला लागला" म्हणून उचलतो.

भीमरावांनी कधीच उचलला नाही. ते रंगाच्या एका कंपनीची मेटॅडोर चालवायचे. कंपनीचं नाव नको. खरवई, बदलापूर, जांभूळ असे फिरून पहिल्या पाळीची माणसं उचलायची आणि कंपनीत सोडायची. राहायला उल्हासनगरला, कॅम्प चारात. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, म्हणून एरवी मी त्यांना अहो-जाहो करायचो. पेडलवर बसले की मात्र ते म्हणायचे, "आता अहो-जाहो नको, गुरुभाऊ. तेवढ्यात हवा शिरायची."

एकदा मी "धर" म्हटलं आणि नेमकं एक गिऱ्हाईक भांडायला आलं. मीही कसला ऐकतोय. अर्धा तास आमची जुंपली. परत येऊन बघतो तर भीमराव पेडल दाबून बसलेले, मांडी थरथरतेय, घामाने शर्ट भिजलेला.

"अहो, सोडायचं ना."

"तुम्ही सोड कुठं म्हटलात?" असं म्हणून ते हसले होते.

त्यांचा आणखी एक शिरस्ता होता. शेवटच्या चाकाला मी "सोड" म्हटलं तरी ते लगेच पाय उचलत नसत. आधी विचारायचे, "तेल बरोबर ना, गुरुभाऊ?" मी म्हणायचो, "बरोबर." मग पाय वर यायचा. मला त्याचा राग यायचा. गॅरेज माझं, विचारणारे हे कोण.

२

शहाऐंशी साली चेटीचंडच्या दिवशी भीमराव गाडी घेऊन आले. मागच्या डाव्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं. रबराच्या वाट्या, आम्ही त्यांना वायसर म्हणतो, त्या खराब झालेल्या. नव्या वायसर माझ्याकडे होत्या, तेल नव्हतं. डब्याच्या तळाशी चार बोटं उरलेलं, तेही सहा महिने बिनझाकणाचं. ब्रेकचं तेल उघडं राहिलं की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गरम झाल्यावर दगा देतं. हे मला माहीत होतं. उल्हासनगरचा माझा स्पेअरपार्टवाला सिंधी शेठ चेटीचंडच्या सणासाठी बंद. अख्खं मार्केटच बंद होतं.

कल्याणला जाऊन डबा आणता आला असता. दीड तासाचं काम. मी गेलो नाही, कंटाळा केला. एवढंच त्याचं कारण आहे, दुसरं शोधून सापडत नाही.

कोपऱ्यात प्रेस मशीनच्या तेलाचा कॅन होता. जॅकमध्ये घालायला कंपनीतल्याच एकाने दिलेला. दिसायला तेही पिवळसर, हाताला तेही तेलच. माझे उस्ताद एक परीक्षा सांगायचे: थेंबभर तेल पाण्यात टाक. विरघळलं तर ब्रेकचं, तरंगलं तर इंजिनाचं नाहीतर मशीनचं. तरंगणारं तेल ब्रेकमध्ये घालशील तर रबर फुगेल आणि माणूस मरेल. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि त्यांनी हे माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

मी म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. सोमवारी नवा डबा आणू आणि सगळं धुऊन काढू.

चारही चाकांची हवा काढली. भीमराव पेडलवर. शेवटी मी म्हटलं, "सोड."

"तेल बरोबर ना, गुरुभाऊ?"

"बरोबर," मी म्हटलं.

३

सोमवारी मी नवा डबा आणला. सीलबंद, चांगल्यातला. फळीवर ठेवून दिला, कारण एका जीपचं इंजिन उघडून पडलं होतं.

बुधवारी भीमराव उभ्या उभ्या आले. "पेडल उशिरा वर येतंय, गुरुभाऊ."

पेडल उशिरा वर येतं याचा अर्थ एकच. आत रबर फुगायला लागलं. मी जीपमधून डोकंही बाहेर काढलं नाही.

"नवी रबरं आहेत, भीमराव. बसतील."

"बसतील ना?"

"तुम्ही गाडी चालवा, ब्रेकचं मला बघू द्या."

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला खरवईच्या उतारावर गाडीला ब्रेक लागला नाही. आत दुसरं कोणी नव्हतं, पहिली माणसं उचलायलाच निघाले होते. उताराच्या टोकाला नाल्यावर बायका पाणी भरत होत्या. भीमरावांनी गाडी चिंचेच्या झाडावर घातली. जागच्या जागी गेले.

दुपारच्या आत मेटॅडोर ओढून चौकीमागच्या आवारात आणली. गाडी बघायला सरकारी इन्स्पेक्टर यायचे होते. कंपनीने मला निरोप दिला, तू जाऊन उभा राहा, गाडी तुझ्या हाताखालची आहे. मी पिशवी भरली. पाने, नळी, बाटली, नव्या वायसर आणि फळीवरचा तो सीलबंद डबा.

आवारात शिवराम हवालदार होते. मी सांगितलं, "तेल गळालंय. साहेबांना ब्रेक तपासता यायला हवा. भरतो थोडं." ते हो म्हणाले. त्यांच्या मनात कशाला काही येईल? मी गाडीखाली शिरलो. पेडलच्या दाबाने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर उघडला. आतली वायसर फुगून पावासारखी मऊ झाली होती. ती पिशवीत टाकली, नवी बसवली, नवं तेल भरलं. मग हवा काढायची वेळ आली आणि दोन माणसं लागणार हे तेव्हा लक्षात आलं.

"हवालदार, जरा पेडलवर पाय ठेवता का?"

"आलो," ते म्हणाले.

मी मागच्या डाव्या चाकाशी आडवा झालो. ड्रायव्हरच्या बाजूला मी येतानाही बघितलं नव्हतं. तिथलं अजून कोणी धुतलं नव्हतं.

पेडलचा कुरकुर आवाज आला. एक, दोन, तीन, चार.

"धर."

"धरलंय."

तेल जोरात आलं. बुडबुडे आले. "सोड." पेडल वर गेलं. असं चाकामागून चाक. हवालदार नवखे असून चांगलं करतायत, असं मला तेव्हा वाटून गेलं. शेवटचं उजवं पुढचं चाक, बरोबर सीटखाली. "धर." "धरलंय." तेल स्वच्छ आलं, एक बुडबुडा नाही. निपल आवळलं आणि तेवढ्यात फाटकातून जीप वळल्याचा आवाज आला. बाटली, नळी, सगळं पिशवीत कोंबून मी डाव्या अंगाने बाहेर आलो आणि हात पुसत उभा राहिलो.

सोड म्हणायचं राहिलं.

इन्स्पेक्टर साहेबांनी फुटलेल्या काचेतून काठी घालून पेडल दाबून बघितलं. "एकदम टाईट आहे. हलत पण नाही," असं म्हणाले. तेल बघितलं, नवंकोरं. रस्त्यावर टायरचा वळ नव्हता. ब्रेक चांगला आणि वळ नाही, म्हणजे ड्रायव्हरने ब्रेक लावलाच नाही. तसं त्यांनी लिहून दिलं.

४

कंपनीच्या साहेबांनी मला विचारलं, "पिऊन होता का?"

भीमरावांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. माझ्याकडे दसऱ्याला गॅरेजची पूजा व्हायची, रात्री बाटल्या निघायच्या, तेव्हा ते हात जोडून "जय भीम, चलतो" म्हणायचे आणि निघायचे. हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "मला काय कल्पना, साहेब."

एवढं पुरलं. भीमरावांच्या बायकोला, गोजरबाईंना, त्यांच्या जागी कामाला घ्यायचं चाललं होतं ते राहिलं. चुकीने गाडी घातली त्याच्या घरच्याला कुठली नोकरी. त्या उल्हासनगरातच जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणू लागल्या. मुलगी होती, चिमी, तेव्हा दहा वर्षांची. तिला शाळेत पोरं दारूड्याची पोरगी म्हणायची. हेही माझ्या कानावर आलं होतं.

मी काय केलं? पहिल्या वर्षी दोनदा डाळ-तांदूळ नेऊन दिले. गोजरबाई म्हणाल्या, "त्यांचा तुमच्यावर लई जीव होता." त्यानंतर मी गेलो नाही.

बाटली आणि फुगलेली वायसर मी टाकली नाही. फेकायला म्हणून कितीदा बाहेर काढली असेल. पुन्हा फळीच्या मागे ठेवून द्यायचो.

५

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शिवराम हवालदार रिटायर होऊन सुखात होते. पुतण्याची स्कूटर दाखवायला गॅरेजवर आले. चहा सांगितला. बोलता बोलता म्हणाले, "चौकीमागचं आवार खाली करतायत. तुझी ती मेटॅडोर पण जाणार. मंगळवारी गॅस कटरवाले येतील."

मी स्कूटरचा प्लग काढत राहिलो.

"त्या दिवशी मला तुझी लई दया आली बघ. एकटाच बोलत होतास गाडीखाली."

"एकटा कुठं? तुम्ही होता की पेडलवर."

"मी?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी आलो म्हटलं आणि फोन वाजला ठाण्याचा. वीस मिनिटं फोनवर होतो. खिडकीतनं दिसत होतास तू. धर, सोड, धर, सोड. म्हटलं दोस्त गेलाय, डोकं फिरलंय बिचाऱ्याचं."

"मग सीटवर कोण होतं?"

"सीट होती कुठं? स्टेअरिंग सीटच्या पाठीला टेकलेलं. मांजर बसलं नसतं तिथं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे? चहा गार होतोय."

६

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गाडीत बिघाड असतो आणि त्याला कारण असतं. दोन दिवस मी कारण शोधलं.

निपल उघडं ठेवलं तर तेल आपोआप खाली उतरतं, पेडल न मारताही. खरं आहे. पण ते थेंब थेंब येतं, जोरात नाही. मग वाटलं, म्हातारा विसरला असेल. आठ वर्षांत कोणीही विसरेल. पण स्टेअरिंगचं? ते मी आडून आडून क्रेनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, माणूस काढायला दोन तास लागले होते, सीट राहिलीच नव्हती.

आवाज तर ऐकलाच होता. "धरलंय." की "धरलंय, गुरुभाऊ"? हवालदार मला ए मेकॅनिक म्हणायचे. आता मला पुढचं गुरुभाऊही आठवतं, पण ते तेव्हा ऐकलेलं की मी आता मागून जोडलेलं, हे मला सांगता येत नाही.

शुक्रवारी एका डॉक्टरांच्या फियाटचे ब्रेक होते. माणूस नव्हता म्हणून मी घरून नीलिमाला, माझ्या बायकोला, बोलावलं. तिला सवय आहे. "धर." "धरलंय." तेल आलं, निपल आवळलं. आणि पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी चाकापाशी तसाच पडून राहिलो. वर पेडल बारीक कुरकुरत होतं, पाय थरथरायला लागला की कुरकुरतं तसं.

"अहो, सोडू का?"

मी निपलवरचा पाना तसाच धरून होतो.

"अहो, पाय दुखतोय माझा. ऐकताय ना?"

शेवटी तिने सोडलं आणि खाली वाकून बघितलं. माझ्या तोंडाकडे बघून ती रागवायची विसरली. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी मनात हिशेब केला, आठ वर्षं आणि सात महिने.

७

शनिवारी भरदुपारी बारा वाजता आवारात गेलो. पोलिसाला सांगितलं, भंगार बघायचंय. तो झाडाखाली पेपर वाचत होता, त्याने हाताने जा म्हटलं.

मेटॅडोर भिंतीकडेला होती. टायर कुजलेले, टपावर गवत उगवलेलं. मी मागून गेलो. मागचा उजवा दिवा, ब्रेक मारल्यावर लागतो तो, अंधुक लाल दिसत होता.

ऊन पडलं असेल काचेवर. मी तळहात आडवा धरून सावली केली. सावलीतही लाल. बॅटरी तर त्याच वर्षी कोणीतरी चोरून नेली होती, तिची रिकामी जागा मला समोर दिसत होती. मी हात काढून घेतला.

मग ज्या बाजूला तेव्हा बघितलं नव्हतं तिकडे गेलो. हवालदार खोटं बोलत नव्हते. स्टेअरिंग सीटच्या पाठीत घुसलेलं होतं. खाली क्लच आणि ॲक्सिलरेटरवर बोटभर धूळ, वाळलेली पानं, कोळ्याचं जाळं. मधलं पेडल तळाला गेलेलं. त्याच्यावरचं रबर स्वच्छ होतं, पुसल्यासारखं.

गंजून अडकलं असेल. मी काचेतून हात घातला आणि पेडलच्या मागे बोटं घालून वर ओढलं. गंजलेलं लोखंड अजिबात हलत नाही. हे हललं, केसभर, आणि परत दाबलं गेलं. रबर गरम होतं.

हात बाहेर काढताना काच लागली, ते मला नंतर कळलं. मी चाकाशी बसलो, उजव्या पुढच्या. वर पेडल बारीक कुरकुरत होतं. म्हटलं, बोलून टाकावं. एक शब्द तर आहे.

"सोड," मी म्हटलं.

वर कुरकुर थांबली. झाडाखाली पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग माझ्या डोक्यावर, हातभर अंतरावर, रोजच्या बोलण्याच्या आवाजात कोणीतरी विचारलं, "तेल बरोबर ना, गुरुभाऊ?"

उत्तर एका शब्दाचंच होतं. मी उठलो आणि पळालो. पोलीस मागून ओरडला, "काय झालं? साप आहे का?"

८

रविवारी सकाळी कॅम्प चारात गेलो, बाटली आणि वायसर घेऊन. गोजरबाई दारातच जीन्सच्या ढिगाशी बसल्या होत्या. चिमी आता अठरा वर्षांची. ती कात्री ठेवून उठली आणि पाणी आणायला आत गेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली भीमरावांचा, ड्रायव्हरच्या खाकी शर्टातला.

"बसा, गुरुभाऊ. लई दिसानं आलात."

चिमीने पाण्याचा काचेचा ग्लास पुढे केला. मी तो प्यायलो नाही, खाली ठेवला. बाटलीचं बूच काढलं आणि थोडं तेल पाण्यात ओतलं. ते वर तरंगलं, पिवळं.

"हे काय करताय?" चिमी म्हणाली.

"ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. हे तरंगतंय. हे मी तुझ्या बापाच्या गाडीत घातलं होतं. मला माहीत होतं."

मग थांबलो नाही. चेटीचंड, कंटाळा, फळीवरचा डबा, बुधवार, चौकीतली हवा, पिऊन होता का, सगळं सांगितलं. कालचंही सांगितलं. ते सांगताना वाटलं की आता हाकलून देतील, नाहीतर वेडा म्हणतील.

गोजरबाई ग्लासाकडे बघत होत्या. तसंच बघत म्हणाल्या, "बुधवारी घरी आल्यावर मला म्हनले होते. पेडल उशिरा येतं वर, पन गुरुभाऊ म्हनतात बसंल. मग जेवले निवांत."

मला रडू आलं. चिमी चिडून म्हणाली, "इथं रडू नका. आठ साल कुठे होता तुम्ही?"

"माफी मागायला आलोय."

"माफीचं नंतर बघू," गोजरबाई म्हणाल्या. "ते पेडल धरून बसल्यात म्हनता ना? मग बसू द्या आजची रात. सोड म्हनल्याशिवाय ते काय उठायचे नाहीत, मला माहिताय मानूस. तुम्ही उद्या चौकीत लिहून द्या. सही करा. शिक्का मारलेला कागद माझ्या हातात द्या. मग मी येते संगट."

९

सोमवारी लिहून दिलं. ड्यूटीवरचे साहेब दोनदा म्हणाले, "अहो, केस बंद होऊन सात वर्षं झाली. कशाला स्वतःहून मानेत फास घालून घेताय?" मी म्हटलं, घ्या. त्यांनी बाटली आणि वायसर पाकिटात घालून लाख लावली. कागदाच्या नकलेवर शिक्का मारला. त्यात मी लिहिलं होतं की ड्रायव्हर भीमराव दारू पीत नव्हते, त्यांनी ब्रेक लावला होता, ब्रेक मी निकामी केला होता. गोजरबाईंना वाचता येत नव्हतं. चिमीने बाकड्यावर बसून त्यांना हळू आवाजात दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज फाटला.

चारच्या सुमारास आम्ही मागे आवारात गेलो. चिमी फाटकाशीच थांबली, तिला यायचं नव्हतं. गोजरबाईंनी कागदाची घडी घालून पदराच्या गाठीत बांधली आणि ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत त्यांना काय दिसलं मला माहीत नाही. त्या आत बघत राहिल्या आणि एकदा त्यांनी मान हलवली.

मी उजव्या पुढच्या चाकाशी आडवा झालो, तेव्हासारखाच. पाना आणला होता. निपल आवळलेलं आहे याची खात्री केली. गंज चढला होता, पण घट्ट होतं.

"सोड," मी म्हटलं.

"तेल बरोबर ना, गुरुभाऊ?"

त्यात राग नव्हता. आठ वर्षं मी त्या रागाची वाट बघत होतो आणि त्या आवाजात तो नव्हता. नेहमीसारखं विचारलं होतं, मी जे सांगेन त्यावर विश्वास ठेवायचा अशा बेताने. गोजरबाईंच्या चपला माझ्या डोळ्यांसमोर होत्या. त्या हलल्या नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "तेल चुकीचं होतं, भीमराव. मला माहीत होतं."

वर काही झालं नाही. मग कुरकुर सुरू झाली. पेडल वर येत होतं, सावकाश, अडत अडत, फुगलेल्या रबरातून येतं तसं. नवं रबर मी स्वतः घातलं होतं, तरी तसंच. ते पूर्ण वर येऊन टेकल्याचा आवाज झाला. गाडी माझ्या अंगावर एकदा जराशी उचलली गेली, सीटवरून माणूस उतरला की उचलते तेवढी.

गोजरबाईंनी पदर डोक्यावरून घेतला.

"चला घरी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही.

गाडीखालून मला फाटकापर्यंतची वाट दिसत होती. वाट चांगली रुंद होती, तरी गोजरबाई एका कडेने चालल्या होत्या, शेजारी माणसापुरती जागा सोडून. फाटकाशी चिमी त्यांच्याकडे बघत होती. ती अचानक बाजूला झाली आणि तिने वाट दिली.

मी चाकापाशीच पडून राहिलो. मला कोणी चल म्हटलं नव्हतं.